वाचक विचारतात: पाणी आटतं म्हणजे नक्की जातं कुठं?

उन्हाळा तोंडावर आला की पाण्याबद्दलची पत्रं वाढतात. यंदा आलेल्या पत्रांमध्ये दोन गोष्टींची सरमिसळ दिसली. एक आहे सगळ्या पृथ्वीवरचं पाणी आणि दुसरी आपल्या बोअरमधलं पाणी. दोन्हींचा हिशोब वेगळ्या वहीत मांडावा लागतो, म्हणून तसे प्रश्न शेजारी शेजारी घेतले आहेत.

शाळेत आम्ही शिकवत आलो की जलचक्र फिरत राहतं आणि पाणी तेवढंच राहतं. आता वाचनात येतं की हायड्रोजन वायू पृथ्वीवरून अवकाशात निसटतो. मग पृथ्वीवरचं पाणी काळानुसार कमी होतंय की नाही? हो किंवा नाही, असं सरळ उत्तर द्यावं. (निवृत्त शिक्षक, कोथरूड)

हो, कमी होतंय. आता किती, ते बघू.

पृथ्वीवरून दर सेकंदाला साधारण ३ किलो हायड्रोजन अवकाशात जातो. पाण्याच्या वजनात हायड्रोजनचा वाटा नवव्या हिश्श्याचा, म्हणजे हे सेकंदाला सुमारे २७ लिटर पाणी गमावण्यासारखं झालं. दिवसाला साधारण २३ लाख लिटर, म्हणजे दहा हजारी टँकर धरले तर २३० टँकर. सगळ्या पृथ्वीचे मिळून! वर्षाचे ८५ कोटी लिटर होतात. खडकवासला धरणाची क्षमता १.९७ टीएमसी, म्हणजे सुमारे ५,५८० कोटी लिटर. या वेगाने अख्ख्या पृथ्वीला एक खडकवासला गमवायला ६५ वर्षं लागतात. समुद्राच्या पातळीत मोजायचं तर एक कोटी वर्षांत सव्वादोन सेंटिमीटर. पृथ्वीवर एकूण पाणी सुमारे १३८ कोटी घन किलोमीटर आहे, त्यापुढे हे किस झाड की पत्ती. तेव्हा वर्गात ‘पाणी तेवढंच राहतं’ असं शिकवलंत ते माणसाच्या हिशोबाने बरोबरच आहे.

गळती एवढी कमी का, हे मात्र समजून घेण्यासारखं आहे. पाण्याची वाफ जशीच्या तशी अवकाशात जात नाही. रेणू जड असतो आणि त्याला तेवढा वेग मिळत नाही. आधी सूर्याच्या अतिनील किरणांनी रेणू फुटावा लागतो. मग सुटा झालेला हायड्रोजन वर वर जातो आणि सुमारे ५०० किलोमीटरच्या वर, जिथे हवा इतकी विरळ असते की अणूंची एकमेकांशी टक्करच होत नाही, तिथून त्यातले वेगवान अणू निसटतात. ऑक्सिजनचा अणू सोळा पट जड, म्हणून तो बहुतांशी मागे राहतो.

पण अतिनील किरण जोरदार असतात तिथपर्यंत वाफ पोचतच नाही. पुण्यावरच्या आकाशात १६-१७ किलोमीटर उंचीवर हवेचं तापमान उणे ७५ अंश सेल्सियसच्याही खाली जातं. वर चढणारी वाफ तिथे गोठते, बर्फकण होऊन खाली येते. हा थर ओलांडून गेलेल्या हवेत पाण्याचं प्रमाण दहा लाख भागांत चार-पाच भाग एवढंच उरतं. त्यापेक्षा वर हायड्रोजन नेणारा दुसरा वाहक मिथेन आहे. तो गोठत नाही, सरळ वर जातो. वरच्या ३ किलोंमध्ये त्याचाही वाटा धरलेला आहे.

हा गार थर नसता तर काय झालं असतं, याचं उत्तर शुक्र ग्रहावर आहे. साध्या हायड्रोजनच्या दुप्पट वजनाचा ड्युटेरियम नावाचा प्रकार असतो. तो जड असल्यामुळे कमी निसटतो. एखाद्या ग्रहावर ड्युटेरियमचं प्रमाण फार वाढलेलं दिसलं तर समजावं की हलका हायड्रोजन भरपूर उडून गेला. शुक्रावर हे प्रमाण पृथ्वीच्या शंभर पटींहून जास्त आहे. मंगळावर पाच-सहा पट. आपल्या मंगळयानावरच्या पाच उपकरणांपैकी एक याच मोजणीसाठी होतं.

पृथ्वीचीही गळती कायम एवढीच होती असं नाही. ग्रीनलंडमधल्या सुमारे ३८० कोटी वर्षं जुन्या खडकांच्या अभ्यासातून २०१२ साली एक अंदाज मांडला गेला, की त्या काळी समुद्रात आजच्यापेक्षा एक-चतुर्थांशापर्यंत जास्त पाणी असावं. तेव्हा हवेत ऑक्सिजन जवळजवळ नव्हता, मिथेन पुष्कळ होता, आणि हायड्रोजन वर न्यायला मिथेनसारखा वाहक नाही. पुढचं सांगायचं तर सूर्य हळूहळू प्रखर होतोय. साधारण शंभर कोटी वर्षांनी तो गार थर पुरेसा गार राहणार नाही आणि मग समुद्र खरोखर उडू लागतील. तोवर २३० टँकर.

डायनासोर जे पाणी प्यायले तेच आपण पितो, हे खरं का? (इयत्ता नववी, बिबवेवाडी)

पाणी तेच, रेणू तेच नाहीत. दोन्ही वाक्यं एकदम खरी कशी? पाण्यातले रेणू हायड्रोजनची सतत अदलाबदल करत असतात. साध्या पाण्यात एखादा हायड्रोजन एका रेणूत सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढा वेळ टिकतो, मग शेजाऱ्याकडे जातो. तुझ्या पेल्यातला रेणू तू पेला उचलेपर्यंतसुद्धा तोच राहत नाही. शिवाय झाडं प्रकाशसंश्लेषणात पाणी फोडतात आणि आपण श्वसनात ते पुन्हा तयार करतो. म्हणून ‘तेच अणू’ असं म्हटलंस तर बहुतेक बरोबर ठरेल.

आणखी एक गंमत. जगातल्या आठशे कोटी माणसांच्या शरीरात मिळून किती पाणी असेल? लहान-मोठे धरून माणशी सरासरी ३० लिटर घेतलं तर २४ हजार कोटी लिटर. पानशेत धरणात ३० हजार कोटी लिटर मावतं. म्हणजे अख्खी मानवजात मिळून एक पानशेतसुद्धा भरत नाही.

जमिनीखाली ६०० किलोमीटरवर महासागर सापडल्याचा व्हिडिओ सगळीकडे फिरतोय. समुद्राचं पाणी तिकडे मुरत असेल का? आणि ते काढता येईल का? (बँक कर्मचारी, हडपसर)

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी: नाही. तिथे ‘पाणी’ असं काही नाहीच. २०१४ साली ब्राझीलमधल्या एका हिऱ्यात अडकलेला रिंगवूडाइट या खनिजाचा अगदी बारीक कण सापडल्याचं जाहीर झालं. हे खनिज ४१० ते ६६० किलोमीटर खोलीच्या पट्ट्यातलं. त्याच्या वजनात एक टक्क्याहून थोडं जास्त पाणी होतं, पण ते स्फटिकाच्या रचनेत बांधलेलं, हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या जोडगोळीच्या रूपात. खडक फोडला तर तो कोरडाच दिसेल. एक टक्का ऐकायला किरकोळ वाटतं, पण तो थर अडीचशे किलोमीटर जाड आणि सगळ्या पृथ्वीभर पसरलेला. सगळीकडे एवढंच प्रमाण असेल तर बेरीज सगळ्या समुद्रांच्या जवळजवळ तिप्पट होते. व्हिडिओवाल्यांनी बेरीज तेवढी उचलली आणि ‘असेल तर’ गाळलं. माणसाने पाडलेलं सर्वांत खोल भोक रशियातल्या कोला इथलं, १२ किलोमीटरांपेक्षा थोडं जास्त. कोयना परिसरात भूकंपाच्या अभ्यासासाठी ३ किलोमीटर खोल छिद्र घेतलं, तेही मोठं काम मानलं जातं. ६०० किलोमीटर विसरा.

पहिला प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. होय, मुरतं. समुद्रतळ जिथे खंडाखाली सरकतो तिथे खनिजांत बांधलेलं पाणी खडकाबरोबर खाली जातं. अंदाज आहे वर्षाला साधारण एक घन किलोमीटरचा. अवकाशात जाणाऱ्या पाण्याच्या हे हजारपट! पण त्यातलं बरंचसं शंभर-दीडशे किलोमीटरवरच खडकातून सुटतं, वरच्या खडकाला वितळवतं आणि ज्वालामुखीतून वाफ होऊन परत येतं. ज्वालामुखीच्या वायूंमध्ये सर्वांत मोठा हिस्सा वाफेचाच असतो. साधारण तिसरा हिस्सा खोल जातो, आणि तिकडूनही समुद्रतळाच्या डोंगररांगांवरचे ज्वालामुखी पाणी वर आणतात. हे परत येणं थांबलं असतं तर पन्नास कोटी वर्षांत समुद्र काही शे मीटर खाली गेला असता. जुने किनारे तसं दाखवत नाहीत, म्हणजे जमा आणि खर्च जवळपास बरोबरीत आहेत.

गॅस, पेट्रोल जाळल्यावर पाणी तयार होतं म्हणतात. उलट सिमेंट पाणी पिऊन टाकतं. पुण्यात तर दोन्ही भरपूर! याने काही फरक पडतो का? (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, आकुर्डी)

पडतो, पण नगण्य. तरी आकडे मजेशीर आहेत. स्वयंपाकाच्या गॅसमध्ये प्रोपेन आणि ब्युटेन असतात. ४४ ग्रॅम प्रोपेन जळल्यावर ७२ ग्रॅम पाणी बनतं, ५८ ग्रॅम ब्युटेनपासून ९० ग्रॅम. १४.२ किलोचं घरगुती सिलिंडर संपतं तेव्हा स्वयंपाकघरात २२ लिटरांहून जास्त पाणी वाफेच्या रूपात तयार झालेलं असतं. वजन सिलिंडरपेक्षा जास्त कसं, तर ऑक्सिजन हवेतून आला. गार पाण्याचं पातेलं गॅसवर ठेवलं की पहिल्या मिनिटात बुडाला बाहेरून दव धरतं आणि एखादा थेंब चर्र करून बर्नरवर पडतो. पातेलं गळत नाही, ते गॅसचं पाणी असतं. पावसाळ्यात खिडक्या बंद ठेवून स्वयंपाक केला की भिंतींना ओल येते, त्यातही याचा हात असतो.

सिमेंटचं उलट. ५० किलोच्या गोणीला काँक्रीटमध्ये साधारण २२-२५ लिटर पाणी घालतात. त्यातलं ११-१२ लिटर रासायनिक क्रियेत कायमचं बांधलं जातं, बाकीचं हळूहळू उडून जातं. ‘कायमचं’ म्हणजे काँक्रीट काही शे अंशांवर तापवेपर्यंत. बांधकामावर पाण्याचा खरा खर्च होतो तो क्युरिंगला, म्हणजे नवं काँक्रीट ओलं ठेवायला, आणि ते पाणी रसायनात अडकत नाही, गोणपाटावरून उडून जातं किंवा गटारात जातं.

समुद्राची पातळी वाढतेय. मग एकूण पाणी वाढतंय असं का म्हणू नये? (गृहिणी, सहकारनगर)

समुद्राच्या खात्यात जमा होतंय, एकूण शिल्लक तीच आहे. १९०० पासून पातळी सुमारे २० सेंटिमीटर वर आली आणि उपग्रहांनी मोजणी सुरू झाल्यापासून, म्हणजे १९९३ पासून, सरासरी वेग वर्षाला ३ मिलिमीटरपेक्षा जास्त आहे. त्यातला मोठा भाग नुसता पाणी तापून फुगल्याचा. बाकीचं हिमनद्यांचं, ग्रीनलंड-अंटार्क्टिकाच्या बर्फाचं आणि आपण उपसलेल्या भूजलाचं. भूजल शेतात जातं, तिथून वाफ होतं किंवा नाल्याला लागतं, आणि शेवटी समुद्र गाठतं. उलट जगभरच्या धरणांनी दहा हजार घन किलोमीटरच्या आसपास पाणी अडवून ठेवलं नसतं तर समुद्र आणखी तीनेक सेंटिमीटर वर असता.

उपशाचा आकडा कसा कळतो? ग्रेस नावाचे दोन उपग्रह २००२ मध्ये सोडले गेले. एकामागोमाग, मध्ये सव्वादोनशे किलोमीटर अंतर ठेवून ते फिरायचे. खाली वस्तुमान जास्त असलं की पुढचा किंचित ओढला जायचा आणि दोघांमधलं अंतर बदलायचं. ते अंतर केसाच्या जाडीहूनही बारीक फरकाने मोजलं जायचं. त्यावरून राजस्थान, पंजाब आणि हरियाणा मिळून ऑगस्ट २००२ ते ऑक्टोबर २००८ या काळात १०९ घन किलोमीटर भूजल घटल्याचं दिसलं. पुण्याला पाणी देणारी खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर ही चार धरणं मिळून २९.१५ टीएमसी. ती १३० वेळा भरून निघतील एवढं हे पाणी. २३० टँकरांची काळजी करणाऱ्यांनी या आकड्याकडे जास्त बघावं.

आमच्या सोसायटीत १०० फ्लॅट आणि तीन बोअर. दोन कोरडी पडली, तिसरी अर्धा तास चालते. बोअरवाला म्हणतो ६०० फुटांपर्यंत जाऊ, सल्लागार म्हणतो छतावरचं पावसाचं पाणी बोअरमध्ये सोडा, सगळं सुरळीत होईल. कुणाचं ऐकावं? (सोसायटीचे सचिव, वाघोली)

दोघांचंही पूर्ण ऐकू नका.

पुण्याखाली काळा पाषाण आहे, बेसॉल्ट. लाव्हाचे थरावर थर. अखंड पाषाणात पाणी मावत नाही. ते मावतं वरच्या मुरमात, थरांच्या सांध्यांत, भेगांत आणि वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेल्या पट्ट्यांत. मुरमातूनही हाती लागणारं पाणी आकारमानाच्या एक ते तीन टक्के. दोन टक्के धरा. सोसायटीचा प्लॉट एक एकर, म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. पातळी एक मीटर उतरली की या एकराखालून मिळतात फक्त ८१ हजार लिटर. तुमची गरज? १०० फ्लॅट, घरटी चार माणसं, माणशी १३५ लिटर, म्हणजे रोज ५४ हजार. शेजारून काही आलं नाही तर दीड दिवसाला एक मीटर खाली. येतं, पण शेजारच्या सोसायटीच्याही बोअर तेच ओढत असतात. तुमची बोअर बिघडलेली नाही, खडकाच्या ऐपतीपेक्षा मागणी जास्त आहे.

६०० फुटांबद्दल. बेसॉल्टमध्ये खोल जावं तसा वरच्या वजनाने भेगा आवळत जातात. खाली एखादा चांगला सांधा लागूही शकतो, पण ते पाणी वर्षानुवर्षं मुरत आलेलं असतं, दोन उन्हाळ्यांत संपतं. शिवाय वरचा थर आणि खालचा थर एका भोकाने जोडले की वरचं पाणी खाली निथळतं आणि आसपासच्या विहिरी आटतात. बोअरवाल्याला फुटावर पैसे मिळतात, पाण्यावर नाही, हे लक्षात ठेवा.

तो ‘दोन इंच पाणी लागलं’ म्हणतो तेव्हा त्याचा अर्थही विचारून घ्या. इथे पाइपचा व्यास नसतो. नव्वद अंशाच्या व्ही-नॉचमधून, म्हणजे पत्र्याला पाडलेल्या व्ही आकाराच्या खाचेतून, पाणी वाहवून त्याची उंची इंचात मोजतात. एक इंच म्हणजे तासाला सुमारे ५०० लिटर, दोन इंच म्हणजे २,९००, तीन इंच म्हणजे जवळजवळ ८,०००. दोन इंच हे एक इंचाच्या दुप्पट नसून साडेपाच पटींहून जास्त असतं, त्यामुळे ‘दीड-दोन’ असं मोघम ऐकून पंप घेतला तर हमखास चुकतो. शिवाय ड्रिलिंगच्या वेळचं मोजमाप कॉम्प्रेसरने साठलेलं पाणी उडवताना केलेलं असतं. खरी आवक सलग आठ-दहा तास उपसा करून पातळी कुठे स्थिरावते ते पाहिल्यावरच कळते. नव्या बोअरचे पैसे चुकते करण्याआधी ही चाचणी मागा.

आता छताचं पाणी. सोडा, जरूर सोडा, पण अपेक्षा माफक ठेवा. छप्पर ५०० चौरस मीटर, पूर्वेकडच्या तुमच्या भागात पाऊस ६०० मिलिमीटर धरू, वीस टक्के वाया. वर्षाला २ लाख ४० हजार लिटर, २४ टँकर. तुमची साडेचार दिवसांची गरज. सल्लागाराने हे गणित कागदावर मांडून दाखवलंय का?

हे पाणी मुरवायला खड्डा करायचाच तर नीट करा. चालू बोअरभोवती साधारण दीड मीटर लांब, दीड मीटर रुंद, दोन मीटर खोल. खड्ड्यातल्या केसिंगच्या (बोअरच्या बाहेरच्या पाइपच्या) खालच्या भागाला भोकं पाडून वर नायलॉनची बारीक जाळी दोन-तीन पदरी गुंडाळायची, तारेने घट्ट बांधायची. तळाला हाताच्या पंजाएवढे दगड, त्यावर ४० मिलिमीटरची खडी, मग २० मिलिमीटरची, वर धुतलेली जाड वाळू. वाळू आणि खडीच्या मध्ये जाळी हवीच, नाहीतर पहिल्याच पावसात वाळू खाली उतरते. पहिल्या पावसाचं पाणी बाहेर सोडण्यासाठी वेगळा वाल्व ठेवा. छपरावरची धूळ, कबुतरांची घाण त्यात येते. पहिले दोन मिलिमीटर, म्हणजे ५०० चौरस मीटरला हजार लिटर, सोडून द्यायचे. पार्किंगचं, गाडी धुण्याचं किंवा सांडपाणी प्रकल्पाजवळचं पाणी या खड्ड्यात अजिबात नको. भेगेत गेलेली घाण पुन्हा काढता येत नाही.

हे खड्डे बंद पडतात ते गाळाने. दर मे महिन्यात वरची १०-१५ सेंटिमीटर वाळू काढून बदलायची, एवढंच काम, आणि नेमकं तेच कुणी करत नाही. पूर्णत्वाच्या दाखल्यापुरता केलेला खड्डा तीन पावसांत कुंडी होऊन बसतो.

सगळ्याच्या आधी पातळी मोजायला लागा. पंपाच्या पाइपशेजारी पाऊण इंची पीव्हीसी नळी पंपाच्या थोडं वरपर्यंत कायमची सोडून ठेवा. नुसती दोरी सोडली तर केबलला अडकते. नळीतून खुणा केलेली बारीक दोरी, टोकाला तोंड खाली केलेली लहान धातूची टोपी. पाण्याला टेकली की डुब् असा आवाज येतो. पंप रात्रभर बंद ठेवून सकाळी मोजा, केसिंगच्या काठापासून. सरकारी भूजल यंत्रणा निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते. तुम्ही महिन्यातून एकदा मोजा आणि वही ठेवा. ऑक्टोबरची पातळी दरवर्षी खाली जात असेल तर खडक भरतच नाही, उपसा कमी केल्याशिवाय गत्यंतर नाही. ऑक्टोबरला भरतो पण जानेवारीतच रिकामा होत असेल तर बोअरचं पाणी उन्हाळ्यासाठी राखा आणि पावसाळ्या-हिवाळ्यात नळाचं वापरा. बहुतेक सोसायट्या उलट करतात.

अर्धा तास चालणाऱ्या बोअरला ड्राय-रन संरक्षण लावा आणि पंप टायमरवर टाका: वीस मिनिटं चालू, दोन तास बंद. सबमर्सिबलची मोटर भोवतीच्या पाण्यानेच गार राहते. कोरडी फिरली की वाइंडिंग जळतं.

शेततळं ३० बाय ३० मीटर, खोली ३ मीटर. फेब्रुवारीपासून पातळी झपाट्याने उतरते. तळ्यात अंथरलेला प्लास्टिकचा कागद फाटलाय की उन्हाने जातंय? कसं ओळखू? (शेतकरी, पुरंदर तालुका)

बादलीने ओळखा. फिक्या रंगाची बादली तळ्याच्या पाण्याने काठापासून चार बोटं खाली भरा आणि तळ्यातच अशी ठेवा की तीन-चतुर्थांश बुडेल, काठ बाहेर राहील. आत दगड टाकून स्थिर करा. बादलीच्या आतल्या पातळीला खूण, शेजारी रोवलेल्या काठीवर तळ्याच्या पातळीला खूण. तळ्यातून उपसा बंद ठेवून चार दिवसांनी दोन्ही मोजा. दोन्हींत घट सारखी तर ऊन. तळ्यात जास्त तर जेवढा फरक तेवढी गळती. बादली बाहेर बांधावर ठेवू नका, तापते आणि जास्त उडते. काळी बादलीही त्याच कारणासाठी नको. वर विरळ जाळी टाका, नाहीतर पक्षी पाणी पितात आणि हिशोब चुकतो. जाळी दाट असली तर सावली पडून घट कमी दिसते, हे ध्यानात ठेवा.

फक्त ऊन असेल तर आकडा असा येईल: आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये दिवसाला ८ मिलिमीटरच्या आसपास, कडक दिवसांत त्याहून जास्त. ९०० चौरस मीटरवर ८ मिलिमीटर म्हणजे रोज ७,२०० लिटर. फेब्रुवारी ते मे मिळून ८० सेंटिमीटरच्या घरात. तळ्याला दीडास एक उतार असेल तर एकूण पाणी सुमारे १९ लाख ७० हजार लिटर, आणि पसरट असल्यामुळे वरच्या ८० सेंटिमीटरमध्येच त्याचा तिसरा हिस्सा असतो. म्हणून घट झपाट्याने झाल्यासारखी वाटते. उडालेली वाफ हवेत सरासरी नऊ-दहा दिवस राहते आणि कुठेतरी पाऊस होऊन पडते, फक्त तुमच्या तळ्यात नाही.

उपाय करायचा तर पृष्ठभाग कमी करा. पुढचं तळं कमी रुंद आणि जास्त खोल घ्या. आहे त्यावर शेडनेट ताणून बसवलं तर घट बरीच कमी होते, पण दर दोन-तीन मीटरवर तारेचा आधार द्या, नाहीतर वळवाच्या वाऱ्यात नेट पाण्यात पडून कागद फाडतं. पश्चिमेकडच्या बांधाला वारा अडवणारी झाडं लावायची ती बांधाच्या पायथ्यापासून चार-पाच मीटर लांब, मुळं कागदाखाली शिरू नयेत एवढी. पाण्यावर तवंग धरणारी रसायनं बाजारात मिळतात. निवाऱ्याच्या टाकीवर ती चालतात, उघड्या तळ्यावर वारा तवंग एका काठाला गोळा करतो आणि पैसे जातात.

गळती निघाली तर पातळी जिथे स्थिरावते तिथे भोक शोधा. बहुतेक वेळा ते कोपऱ्याच्या घडीत किंवा उतरण्याच्या जागी, जनावराच्या खुराने पडलेलं असतं. ५०० मायक्रॉनच्या कागदाला तुकडा लावायचा तो भोकाच्या चारही बाजूंनी किमान १५ सेंटिमीटर पुढे जाईल एवढा, जागा कोरडी आणि धुळीविना करून, गरम हवेच्या गनने चिकटवलेला. फेव्हिक्विक किंवा सायकलच्या पंक्चरचं सोल्यूशन या कागदाला धरत नाही.